झाकली मूठ

घसाऱ्याचं उत्तर निघालं तसं आरतीनं उत्तरपत्रिकेवर नुसता शेवटचा आकडा लिहिला आणि डावी मूठ गच्च आवळून बाकाखाली नेली.

राहात्याच्या कॉलेजात बारावीची पूर्वपरीक्षा चालू होती. हिशेबशास्त्राचे गोरक्षनाथ सर वर्षभर घसा कोरडा करत होते, "आकडेमोड दाखवा! नुसत्या उत्तराला मार्क नाहीत." आरतीलाही ते पटत होतं. पण दिवाळीआधी सरांनी तिचीच आकडेमोड वर्गात मोठ्यानं वाचली आणि पोरांनी बाकं बडवली. तेव्हापासून तिची आकडेमोड तळहातावर व्हायची आणि ओढणीला पुसली जायची. आज पुसायच्या आतच जया मॅडम समोर उभ्या.

"हातात काय आहे?"

"काही न्हाई, मॅडम."

"मग उघड."

आरतीनं मान हलवली. अख्खा वर्ग बघत होता. मूठ उघडेना म्हटल्यावर मॅडमना दुसरी शंकाच उरली नाही. कॉपी! त्यांनी तिला तशीच प्राचार्यांपुढे नेली. तिथंही मूठ उघडेना, नुसतं डोळ्यांतून पाणी. मग वडिलांना फोन गेला.

आसाराम बाजारात पेरूच्या जाळ्या भरत होता. तो भरल्या टेम्पोनिशी आला, आणि काय झालं ते बघायला जाळ्या उचलणारे चौघंही आले. दारात गर्दी झाली.

"बाळा, मुठीत इंगळी धरलीय का? उघड की."

"न्हाई, आण्णा."

"कॉपी केली आसंल तर सांग. मी सायबांच्या पाया पडतो." आणि तो खरोखरच वाकला.

ते मात्र आरतीला बघवलं नाही. तिनं मूठ उघडली.

गोरक्षनाथ सरांना बोलावणं गेलं. त्यांनी चष्मा लावला, तिचा हात उजेडाकडे वळवला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "सात आठे चोपन्न. चोपन्नातून अठरा गेले, राहिले शेहेचाळीस."

दारात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सर, ही कॉपी नाही," ते प्राचार्यांना म्हणाले. "इतकं चुकीचं कुठल्याच गाईडात छापत नाहीत. रीत मात्र बिनचूक आहे. अगं, हेच कागदावर असतं तर सहातले चार मार्क दिले असते."

"आता द्या ना, सर."

"हाताला मार्क कसे देऊ? कागदावर का नाही लिहिलंस?"

आरती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमी वाचून दाखवता."

सरांनी दाराकडे पाहिलं. जाळ्या उचलणारे अजून हसत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

आसारामच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. पोरगी चोर नाही, एवढंच त्याला कळलं. त्यानं फाटकाशी टेम्पोची एक जाळी खाली घेतली आणि दिसेल त्याच्या हातात पेरू ठेवू लागला. "घ्या, घ्या! पोरगी सुटली आमची! कॉपी न्हाई केली तिनं. सगळं चुकलं हाय, पर सोताच्या डोक्यानं!"

पेपर सुटून पोरं बाहेर पडत होती. गोरक्षनाथ सरांनाही एक पेरू मिळाला. तो त्यांनी मान खाली घालून घेतला. आरती टेम्पोच्या केबिनमध्ये ओढणीत तोंड खुपसून बसली होती.

"आण्णा, चला ना घरी."

"थांब गं," आसाराम दुसरी जाळी उचलत म्हणाला, "मागल्या फाटकानं गेलेल्या पोरांना अजून कळलंच न्हाई."