साळवीकाकांची तीन मिनिटं

आमच्या शेजारच्या दामूकाका साळव्यांशी बोलायचं तर घड्याळावर एक डोळा ठेवावा लागे. काटा सव्वावर किंवा पावणेवर आला, की हा गृहस्थ वाक्यात असेल तिथे थांबे. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आणि तीन मिनिटं चिडीचूप. एकदा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून म्हणाले, "शैला, हलू नको, तुझ्या पायाशी—" आणि गप्प! मी ओलं लुगडं हातात धरून एका पायावर उभी. तीन मिनिटांनी वाक्य पुरं झालं, "—सेफ्टी पिन पडलीय. टोचेल." असा संताप आला म्हणता!

काका जन्मभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. समुद्रावरचा नियमच तो. तेवढा वेळ सगळ्या जहाजांनी संदेश पाठवणं थांबवायचं आणि नुसतं ऐकायचं. कुठे कोणी बुडत असेल, तर त्याची क्षीण हाक बाकीच्यांच्या बडबडीत हरवू नये म्हणून.

"पण काका, तुम्ही आता माळनाक्याला राहता. इथे बुडतंय कोण?"

"ते ऐकल्याशिवाय कसं कळायचं गो?"

घ्या! यापुढे माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरणीनेही हात टेकले.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक वाक्यानंतर "मिळालं?" असं विचारायचं. समोरच्याने "मिळालं" म्हटलं तर ठीक, नाहीतर तेच वाक्य पहिल्यापासून. मासेवालीला, "बांगडे दोन वाटे, डोकी राहू देत. मिळालं?" भाचा प्रकाश, तोही बोटीवरच, त्याच्या लग्नात नवरा-नवरी पाया पडली, तर "सुखी राहा. मिळालं?" नवरीने बिचारीने गोंधळून पुन्हा नमस्कार केला, आणि काकांनी पुन्हा आशीर्वाद पाठवला.

अशा माणसाशी कुमुदकाकूंनी संसार केला. निवृत्तीनंतरही काका दिवसभर कानाला हेडफोन लावून रेडिओपाशी बसलेले. जेवायला हाका मारमारून काकूंचा घसा बसायचा. शेवटी त्यांनी नवऱ्याची विद्याच शिकून घेतली. तारेचा तो कट्ट-कडकट्ट, मोर्सचा संकेत, त्या पळीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाजवत. हेडफोन असो की वादळ, काकांना तो बरोबर ऐकू जाई. आम्हाला वाटे, काकू झुरळं मारतात.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा काकांनी बोटीवरच्या कोणाकरवी सिंगापूरहून पर्सनल कॉम्प्युटर आणवला. आळीतला पहिलाच. त्याला काकूंनी झालर लावून अभ्रा शिवला. काकांनी एक प्रोग्रॅम लिहिला: कळ दाबली की 'टूं' वाजे आणि प्रत्येक 'टूं'ची लांबी यंत्र जशीच्या तशी धरून ठेवी. पाडव्याला ओवाळून झाल्यावर काकूंनी बसून स्वतःच्या बोटाने त्यात एक निरोप वाजवला. पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी सव्वासातला काकांच्या घरातून टूं-टूं ऐकू येई. मी कधी विचारलं नाही.

मग ती फ्लॉपी आली. प्रकाशला दुसऱ्या बोटीवरच्या मित्राने दिलेली, त्याने मामाला आणून दिली. अशी कुठली कुठली फ्लॉपी यंत्रात घालू नये, हे आज माझी नातसुद्धा सांगेल. पण काकांचा आयुष्यभराचा शिरस्ता: आलेला निरोप न वाचता ठेवायचा नाही. फ्लॉपीवर खलाशांच्या तब्येतीची प्रश्नोत्तरं होती. दारू किती? विडी किती? काकांनी सगळ्याची खरी उत्तरं दिली. यंत्राने सांगितलं, तुमची तब्येत उत्तम आहे. काका खूश!

मधल्या वेळात त्या फ्लॉपीतून एक चोर आत उतरला होता. तो मुकाट बसून एकच मोजत होता, यंत्र कितीदा चालू होतंय ते. त्याचा हिशेब असेल की आकडा भरायला पुष्कळ महिने लागतील. पण त्याला आमच्याकडची लाईट कुठे ठाऊक! ती दिवसातून इतकी वेळा जाई-येई, की त्याचा आकडा बघता बघता भरला.

एका रविवारी सकाळी काकांनी कुंपणावरून हाक मारली. आवाज ओळखू येईना. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या फाइली आमच्या ताब्यात आहेत, परदेशातल्या अमुक टपालपेटीवर पैसे पाठवा, मग सोडवायची रीत कळवू. आता याला रॅन्समवेअर म्हणतात. तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं, शिव्या होत्या.

"तुझी काकू होती त्यात," काका म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मोर्स सगळेच वाजवतात, पण प्रत्येकाचा हात निराळा. भर समुद्रात नुसत्या कट्ट-कट्टवरून पलीकडे कोण बसलाय ते ओळखू येतं. "कुमुदचा हात 'य'ला लंगडायचा. शेवटचा लांब ठोका फार लांबवायची. कितीदा सांगितलं, सुधारली नाही."

"मग एक जादा प्रत नाही काढून ठेवायची, काका?" मी चिडलेच.

"माणसाची प्रत काढतात काय गो?"



मी पैसे पाठवा म्हटलं, तर काका उसळले. "चोराला? आणि पाठवून किल्ली येईल कशावरून?" पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्याला ट्रंककॉल लावला. तो लागला नेमका पावणेअकराला. तीन मिनिटं पलीकडचा हॅलो हॅलो ओरडतोय, आणि काका मान तिरकी करून ऐकतायत! शेवटी फोन मी हिसकावला. तो म्हणाला, सगळं पुसून टाका, फॉरमॅट मारा, यंत्र नव्यासारखं होईल.

"नवं कोणाला हवंय?" काका म्हणाले. "बोट सोडायची ती कॅप्टनने सांगितल्यावर. इथे कॅप्टन मी. सोडणार नाही. मिळालं?"

"मिळालं," मी म्हटलं, आणि पदर खोचला.

पहिलं काम, यंत्र बंद. चालू केलं की चोर आधी जागा होतो, तेव्हा त्याच्या दारातून आत जायचंच नाही. यंत्राबरोबर आलेली मूळ फ्लॉपी काकांनी काढली, तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली, म्हणजे चोराला तिच्यावर काही लिहिता येऊ नये. तिच्यावरून यंत्र सुरू केलं. लपवलेल्या फाइली दाखव म्हटल्यावर सगळं बाहेर आलं, पण नावांचा नुसता काला! कुठलं नाव कशाचं, देवालाही न कळणारं. काका मात्र नावांकडे बघतच नव्हते.

"शैला, याने नावं बदलली, तारखा तशाच ठेवल्यायत!"

आणि त्यांनी पाडव्याच्या तारखेवर बोट ठेवलं.

पुढचं माझ्या गणिताने केलं. नावांतल्या एका अक्षराच्या जागी कायम तेच दुसरं अक्षर, एवढीच चोराची हुशारी. फाइलींची खरी नावं काकांना पाठ होती. कॅलेंडरच्या पाठीमागे जोड्या लावत गेलो. दोनदा चुकलो, भांडलो, मी पेन्सिल फेकली, काका सव्वाला गप्प बसले म्हणून मी आणखी भडकले. अखेर जोड्या जुळल्या. नावं पूर्ववत केली, कामाच्या फाइली कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवल्या. मगच हार्ड डिस्क पुसली, यंत्र स्वच्छ करून सगळं परत भरलं. परकी फ्लॉपी काकांनी कात्रीने कापली. पाडव्याच्या फाइलीची मात्र त्यांनी आपणहून एक प्रत काढली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या कपाटात ठेव. लोखंडी आहे ना?"

तोवर सात वाजून गेले होते. आत स्टोव्हवर काकांनी स्वतः लावलेला भात कधीच शिजला होता. आम्ही दोघं यंत्रासमोर बसलो. फाइल उघडली तरी ती वाजेल की नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

सव्वासात झाले. काकांनी कळ दाबली आणि त्यांची मान तिरकी झाली.

टूं टू टूं-टूं... सावकाश, एकेक अक्षर जपून. आणि अगदी शेवटी एक ठोका जो लांबला तो लांबलाच, कितीदा सांगूनही न सुधारलेला. काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी पुसल्या नाहीत. मीही रडत होते, आणि जन्मात पहिल्यांदा ती तीन मिनिटं मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मग हळूच विचारलं, "काय म्हणतात काकू?"

"या, भात निवतोय."

काका उठले. अभ्र्याची झालर सरळ केली, यंत्रावर हात ठेवला.

"मिळालं, कुमुद," ते म्हणाले, "आलो," आणि आत जाऊन त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं.