बोट न उचलणारा खुनी

"अभिनय म्हणजे काय हो? गाडी चालवायची आणि तोंड मिटून बसायचं. लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय मी!" वर्लिन स्टॉडार्डने सेजफोर्डच्या एकुलत्या एक पेट्रोलपंपावर जाहीर करून टाकलं.

वायोमिंगच्या त्या माळावर टीव्हीची गुन्हेगारी मालिका उतरली होती. घोड्यांच्या जागी पिकअप ट्रक. बाकी टोप्या, बंदुका, मुडदे जिथल्या तिथे! वर्लिनला चक्क खुन्याची भूमिका मिळाली होती. मुडदा ट्रकच्या मागे टाकायचा आणि समोरून येणाऱ्या शेरीफच्या शेजारून थंड नजरेने निघून जायचं. ही बातमी त्याने पंचक्रोशीत गुरांच्या डॉक्टरसकट सगळ्यांना दिली होती. आता भूमिका गेली असती, तर शेजारच्या माँटानात तोंड लपवायला जावं लागलं असतं.

"अ‍ॅक्शन!"

ट्रक निघाला. शेरीफची गाडी समोर आली आणि वर्लिनची तर्जनी स्टिअरिंगवरून टुणकन वर उठली!

"कट! मिस्टर स्टॉडार्ड, हे बोट कसलं?" दिग्दर्शक प्रेस्टन ओरडला. तो लॉस एंजेलिसचा. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला बोट उचलून रामराम करायची इथली रीत त्याला कुठून ठाऊक असणार?

"समोरून गाडी आली ना!"

"अहो, तुम्ही आत्ताच खून केलाय!"

"तो मागे राहिला. म्हणून काय माणुसकी सोडायची?"

दुसऱ्या वेळी बोट दाबून धरलं, तर हनुवटी वर गेली. मग हनुवटी आवळली, तर हात टोपीला लागला. वर वर्लिनच शेरीफवर उखडला, "एवढा मोठा नट, पण काही वळण? एकदाही उलट बोट नाही!"

"आता बोट हललं तर खुनी बदलतो," प्रेस्टन म्हणाला. "तुमचे शेजारी डेल तयारच आहेत."

डेल! ज्याचे बैल दर वसंतात वर्लिनचं कुंपण मोडायचे, तो डेल! वर्लिनने स्वतःच चिकटपट्टी मागून हात स्टिअरिंगला बांधून घेतले, मान वळू नये म्हणून शर्टात पाठीमागून फळी सारली. आणि फत्ते! ट्रक असा थंडपणे गेला, की मुडद्याने डोळा किलकिला करून बघितलं.

मालिका लागली त्या दिवशी अख्खं गाव अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जमलं. खिमा-राजम्याच्या चिलीचे वाडगे आणि दालचिनीचे रोल हातोहात फिरत होते. 'वायोमिंगच्या वाऱ्यासारखा बोचरा खुनी!' असं सकाळच्या पेपरात आलं होतं. तो पेपर वर्लिनच्या खिशातून बरोब्बर तेवढ्याच ओळीपुरता बाहेर डोकावत होता.

प्रसंग आला. शेरीफची गाडी गेली. तिच्या मागून हिरव्या ट्रकमध्ये पोस्टमास्तरीण आर्डिथ आली. रस्ता अगदीच ओसाड दिसू नये म्हणून तिलाही चित्रीकरणात घेतलं होतं. पडद्यावर आर्डिथने ठसठशीत बोट उचललं. आणि वर्लिन दगडासारखा पुढे निघून गेला!

हॉलमधले चमचे थांबले.

"यानं आर्डिथला ओळख दिली नाही!" डेल ओरडला.

"अरे, हात बांधले होते माझे!"

"बांधलेले दिसले नाहीत कुठे!"

"मी खुनी होतो रे!"

"खुनाचं सोड," त्याची बायको ग्लेनिस थंडपणे म्हणाली. "खून काय, होतो एखाद्याच्या हातून. पण आर्डिथ?"

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर एक बोट उठेना. वर्लिन खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवायचा, पण गाड्या सरळ निघून जायच्या. डेलच्या ट्रकमधल्या कुत्र्यानेसुद्धा तोंड फिरवलं!

अशात प्रेस्टनचा फोन आला. प्रेक्षक वेडे झालेत, तुम्ही पुन्हा हवेत! फक्त या वेळी खुन्याचाच खून होणार. ट्रकच्या मागे पडून राहायचं.

वर्लिन उड्या मारतच पोस्टात शिरला.

"आर्डिथ, मिटलं बघ सगळं! आता मी मुडदा. मुडद्यावर तर कुणी रागावणार नाही ना?"

आर्डिथने एका पाकिटावर धप्पकन शिक्का मारला.

"तुझा बाप होता ना, वर्लिन," ती मान वर न करता म्हणाली, "त्यानं शवपेटीतूनसुद्धा बोट उचललं असतं!"