जात नसलेल्या मंडळात जात विचारण्याच्या एकवीस पद्धती

समुद्र ओलांडला की मराठी माणसाची जात गळून पडते, हे सर्वमान्य आहे. त्याला शास्त्रीय कारणही आहे. विमानात माणशी तीस किलो सामान नेता येतं. त्यात कुकर, पोळपाट, वर्षभराचा मसाला आणि सासूबाईंनी ऐन वेळी कोंबलेले पापड बसवले की जातीला जागाच उरत नाही. ती मागे राहते, बहुधा पुण्याला धाकट्या दिरांकडे. म्हणूनच सिंगापूरच्या स्नेहसागर मराठी मंडळात जात नाही. दर कार्यक्रमात हे माइकवरून सांगितलं जातं आणि सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. (नसलेली गोष्ट इतक्या वेळा का सांगावी लागते, हा प्रश्न असभ्य आहे. मंडळात डायनोसॉरही नाहीत. ते मात्र कुणी माइकवरून सांगत नाही.)

अशा या निकोप समाजात सोळा वर्षांची ऋता अभ्यासासाठी उतरली.

ऋता बुकित पंजांगला राहायची आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे तिनं कॉम्प्युटिंग घ्यायचं हे तिच्या बाबांनी, म्हणजे संजीव यांनी, ती बालवाडीत असतानाच ठरवून टाकलं होतं. पण यंदा ऋताला अचानक कंठ फुटला होता. तिनं कुणालाही न विचारता एका कम्युनिटी कॉलेजात शनिवारच्या वर्गाला नाव घातलं. विषय: मानवशास्त्र आणि मानवी संस्कृती. शेजारच्या खोलीत केक शिकवायचे, त्यामुळे जगातल्या सगळ्या संस्कृतींना केकमधल्या पांदानच्या पानांचा वास येतो असं तिचं पहिलं निरीक्षण होतं.

"मानव तर आपण आहोतच," बाबा म्हणाले. "त्याचं शास्त्र कशाला?"

बरीच वाटाघाट होऊन करार झाला. वर्गात डिस्टिंक्शन मिळालं तर पुढे मानवशास्त्र. नाही मिळालं तर कॉम्प्युटिंग, आणि तेही रडारड न करता.

शिकवायला मिस गोह होत्या, बोलणं अस्सल सिंगापुरी इंग्रजीत. त्यांचे नियम दोनच. एक: एखादा समाज निवडा, त्यांच्यात जाऊन बसा, आणि ते काय म्हणतात ते लिहू नका, काय करतात ते लिहा, कॅन? दुसरा: लिहिलेलं त्या समाजाला वाचून दाखवा, आणि अहवाल न्याय्य आहे अशी त्यांच्या प्रमुखाची सही आणा. सही नाही तर मार्क नाहीत, लाह. वर्गातल्या एकानं एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, झोपणारे लोक निवडले. (सही कुणाची घ्यायची यावर तो अजून अडला आहे.) एका आजीबाईंनी सुनेचं माहेर निवडलं. ऋतानं मंडळ निवडलं, कारण तिथं तिला दर रविवारी ओढून नेतच होते; फुकट बसण्यापेक्षा अभ्यास झालेला बरा.

आता इथं एक अडचण सांगायला हवी. ऋताचं कुटुंब सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाच्या पुंगोलहून इकडे येऊन दोन वर्षं झाली होती, आणि मंडळाला त्यांच्याबद्दल अजून काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आडनाव सगळ्यांना माहीत होतं, पण तीच तर अडचण होती. ते आडनाव महाराष्ट्रात इतक्या प्रकारच्या लोकांत सापडतं की त्याच्यावरून फक्त माणूस मराठी आहे एवढंच सिद्ध होतं. बरं, घरी जाऊन बघावं, तर भिंती कोऱ्या. फ्लॅट भाड्याचा, आणि करारात खिळा ठोकायला बंदी. कुठला देव नाही, कुठले महापुरुष नाहीत, आजोबांचा फोटोसुद्धा नाही. घरमालक मिस्टर लिम यांच्या त्या एका कलमानं मंडळाचं किती नुकसान केलं, याची त्यांना कल्पना नाही.

पण माणसं हार मानत नव्हती. ऋतानं फक्त कान उघडे ठेवले, आणि बघता बघता तिची वही भरली.

काही पद्धती सोप्या होत्या. "मूळचे कुठले?" हा प्रश्न चहाआधी यायचा. गावाचं नाव सांगितलं की चहाबरोबर "गावात कुठं?" यायचं, कारण गाव कळून उपयोग नसतो, आळी कळावी लागते. आमटीत गूळ घालता का, हे इतक्या सहज विचारलं जायचं की उत्तर देणाऱ्याला आपण पाककृती सांगतोय असंच वाटावं. काही पद्धतींना कौशल्य लागायचं. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या जोडप्याला "तुमचं लग्न कुठल्या पद्धतीनं लागलं?" असं विचारायचं, जणू पसंत पडलं नाही तर परत लावून देणार आहेत. बाथरूम विचारून बेडरूममार्गे जायचं, म्हणजे वाटेत भिंती बघून होतात. सगळ्यात नाजूक पद्धत कौतुकाची. "वाटत नाही हं तुमच्याकडे बघून!" असं म्हणून थांबायचं. काय वाटत नाही ते समोरच्यानं बोलून टाकायचं. आणि सगळं फसलं तरच आईचं माहेर. ते ब्रह्मास्त्र, उगाच काढत नाहीत.

मंडळाच्या सांस्कृतिक सचिव अनघाकाकू बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डो-संकुलात राहतात. त्यांनी ऋताला मोठ्या प्रेमानं मुलाखत दिली.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "आमच्यात जातपात अजिबात नाही. माझी सख्खी मैत्रीण त्यांच्यातली आहे."

"कुणाच्यातली, काकू?"

"अगं, त्यांच्यातली. आम्ही मानत नाही ना, म्हणून नाव घेत नाही. तू ही आमटी खाऊन बघ. गूळ जास्त नाही ना झाला तुला?"

ऋता म्हणाली, आमटी मस्त आहे. काकूंनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि अजून एक वाटी वाढली. (मस्त हे उत्तर दोन्ही बाजूंनी वापरता येतं. वर्षभर सराव लागतो.)

आकडेवारी अशी निघाली. मंडळातल्या शंभर टक्के लोकांनी सांगितलं की ते जात मानत नाहीत. त्यातल्या ब्याण्णव टक्क्यांनी हे सांगता सांगताच तिची विचारली. उरलेल्या आठ टक्क्यांना फोन आला म्हणून ते उठून गेले. अहवालाच्या शेवटी ऋतानं लिहिलं: "या समाजात जात नाही. ती विचारण्याच्या एकवीस पद्धती मात्र आहेत."

मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखरकाका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असून स्वभावानं लोण्यासारखे आहेत. त्यांना अहवाल आवडला, इंग्रजी तर फारच आवडलं. फक्त शेवटचं वाक्य त्यांना लागलं. आधी चौकशी होऊ दे, मग सही करतो, असं ते म्हणाले. मंडळात जात आहे की नाही हे ठरवायला तथ्यशोधन समिती नेमण्यात आली.

पुढचं सगळं तर्काला धरूनच झालं. समिती निःपक्षपाती हवी, म्हणजे तीत सगळ्यांचे प्रतिनिधी हवेत. सगळ्यांचे हवेत म्हणजे सगळे कोण कोण आहेत ते कळायला हवं. आणि कळायचं तर विचारायला हवं. अनघाकाकूंनी फोन हातात घेतला. इतकी वर्षं जे चहा, गूळ आणि बाथरूममार्गे विचारावं लागत होतं, ते आता मंडळाच्या कामासाठी सरळ विचारता येऊ लागलं. मंडळाच्या इतिहासात एकमेकांची इतकी विचारपूस कधी झाली नव्हती. एकाच मजल्यावर सहा वर्षं राहणाऱ्या दोन कुटुंबांना कळलं की आपण "आपल्यातलेच" आहोत. त्यांनी लगोलग एकमेकांच्या मुलांचे पगार विचारले. मैत्रिणींची एक जोडी जी रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जायची, ती आता वेगवेगळ्या वेळी जाऊ लागली. (गुडघे दुखतात असं दोघीही सांगतात.)

एक खुर्ची तेवढी उरली. तरुणांची प्रतिनिधी म्हणून ऋताला घ्यायचं ठरलं होतं, पण ती नेमकी कुणाच्या वाट्याची मोजायची, हे कुणाला सांगता येईना.

घरी ऋतानं हे आईला सांगितलं. सुलेखा पोर्ट कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि प्रश्न आला की ती आधी हातातलं काम संपवते. तिनं कुकरची शिटी होऊ दिली. मग सांगितलं की पुंगोलला एका शेजारणीला उत्तर मिळालं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं वागणंच बदललं. फार वाईट झालं की फारच चांगलं झालं, हे आई सांगत नाही. दोन्हीनं सारखंच दमायला होतं, म्हणते.

"सांगितलंस तर सही मिळेल," आई म्हणाली. "तुझं तू ठरव. मी तुझ्या वयाची असताना सांगून टाकलं होतं."

"मग?"

"मग काय. कॉम्प्युटिंगच घेतलं."

समितीची बैठक अनघाकाकूंच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये झाली. तिथं सभा घ्यायला परवानगी नाही, म्हणून वाढदिवस असं सांगून हॉल घेतला होता आणि संशय नको म्हणून दोन फुगे बांधले होते. समिती एका रांगेत बसली होती, समोर मंडळ. सगळ्यांनी एकमेकांकडे नव्या माहितीनिशी बघून घेतलं.

"ऋताबाळ," चंद्रशेखरकाका म्हणाले, "ते एक वाक्य काढ. आणि समितीत तुला कुणाच्या वतीनं घेतलं म्हणायचं, तेवढं सांग. सही केलीच समज."

ऋतानं मनात हिशेब मांडला. एक शब्द. तो सांगितला की सही, सही आली की मार्क, मार्क आले की पुढचं सगळं आयुष्य. तिसऱ्या रांगेत आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काका, वाक्य काढते," ऋता म्हणाली. आवाज थोडा चिरकला, पण तिनं तो तसाच पुढे रेटला. "फक्त मी कोण ते न कळता सही करा. ते तुम्हाला जमलं, तर वाक्य खोटंच आहे. मग ठेवून करू काय?"

समितीत कुजबुज झाली. मागणी रास्त होती, आणि अशा मागण्यांचीच समित्यांना सवय नसते. काकांचा चेहरा मात्र उजळला. यात काय अवघड आहे, असं म्हणत त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला. पेन कागदाला टेकलं. आणि मग, माणूस सही करताना एखादी ओळ गुणगुणतो ना, तितक्याच निरागसपणे ते म्हणाले,

"तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?"

अनघाकाकू खोकल्या. पहिलं हसू तिसऱ्या रांगेतून आलं. सुलेखा आधी तोंडावर हात धरून हसली, मग हात काढून. काकांचे कान लाल झाले. त्यांनी स्वतःच्याच पेनाकडे पाहिलं, जणू प्रश्न त्यानं विचारला होता.

"राहू दे ते वाक्य," ते हळूच म्हणाले, आणि सही केली.

जात नाही, हा निष्कर्ष समितीनं त्याच बैठकीत एकमतानं काढला. त्याला आवश्यक ते सर्व प्रतिनिधित्व होतं. ऋताच्या नावापुढे "माहिती प्रतीक्षेत" असं लिहून घेतलं.

डिस्टिंक्शन मिळालं. बाबांनी करार पाळला, फक्त मानवशास्त्रज्ञांना नोकरी कोण देतं हे रोज एकदा विचारतात. मिस गोह यांनी अहवालावर एकच शेरा मारला: या सगळ्या पद्धतींत कुणीतरी काहीतरी विचारतं किंवा शोधत हिंडतं, जागचं न हलता, तोंडही न उघडता चालेल अशी एखादी नाही का?

ऋतानं विचार करून उत्तर लिहिलं. आहे. बाविसावी. एखाद्या मुलीची गोष्ट लिहायची आणि तिचं आडनाव कुठंच द्यायचं नाही. वाचणारा जात मानत नसतो, त्यामुळे तो कुणाला विचारत नाही. आईचं नाव, बाबांचं नाव, भिंतीवर काय असतं आणि आमटी मस्त का म्हणाली, एवढं तो मनातल्या मनात जुळवत शेवटच्या ओळीपर्यंत येतो.

तुमचं काय उत्तर आलं ते सांगायची गरज नाही. ब्याण्णव टक्क्यांत तुम्हाला धरलेलं आहे.