चारही धुरे पाहणारे मनोहरकाका

आमच्या मनोहरकाकांना माणूस मधोमध उभा असलेला चालत नाही. मी सकाळी कचऱ्याची बादली घेऊन फाटकाबाहेर आलो, की समोरून आवाज येतो, "प्रशांत, मधात काऊन उभा राह्यला? जरा बाजूले सरकजो." मी सरकतो, बादलीसकट. त्यांचा फोटो निघेपर्यंत कचऱ्याची गाडी निघून गेलेली असते.

काका बोरगाव मेघेत आमच्या समोरच राहतात. उभी हयात त्यांनी जमीन मोजणीत काढली. निवृत्त झाल्यावर एक जुना डिजिटल कॅमेरा विकत घेतला आणि फोटोची चौकटही शेतासारखी पाहायला लागले. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. काका सांगतात, "पहिले चारही धुरे पाह्यजो, मंग वावर. धुऱ्यावरून कोनाचं ढोर घुसलं, हे मधातच पाह्यनाऱ्याले दिसत नाई."

अभ्यास मात्र कडक. एका महिन्याला एकच विषय. रोज वीस फोटो काढायचे आणि संध्याकाळी त्यातले एकोणीस पुसून टाकायचे. पहिला महिना कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेला तांब्या. दुसरा महिना माझी मोपेड. त्या महिन्यात मी ऑफिसात पायी गेलो. मग माझी पाळी आली, ती संपेचना. रोज निकाल ऐकायचा: "हे पाय, तुह्या डोक्यातून विजेचा खांब निघून राह्यला. यात कान चांगला आला, पन मांगं कोनाचा तरी टॉवेल सुकून राह्यला." हळूहळू खांब गेला, टॉवेल गेला आणि मी मलाच बरा दिसू लागलो.

शेजारच्या वास्तुपूजनात त्यांनी यजमानांच्या सासूबाईंना इतक्या वेळा बाजूला सरकवलं, की शेवटी त्या मांडवाबाहेर चपलांपाशी पोचल्या. घरात कुजबुज झाली. पण फोटो इतका देखणा आला, की आज तो यजमानांच्या बैठकीत टांगलेला आहे, सासूबाई आणि चपलांसकट.

एवढ्या फोटोंत काकू कुठेच नाहीत, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. विचारलं, तर काकूंनी आतून जुना अल्बम आणला. काकांनी तरुणपणी काढलेले फोटो. एकात काकू कपाळापासून वर कापलेल्या. एकात नुसता पदर.

"हे पाय, देवळाचा कळस पुरा आला, मी अर्धी," काकू शांतपणे म्हणाल्या. "पोराच्या बारशाचा तरी बरा काढा म्हटलं. त्यात पोरगं आलं, माहं तोंड नाई आलं. तवा सांगितलं, याच्यापुढं माहा फोटो काढू नका."

काकांनी तो शब्द पाळला होता. मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"काका, काकूंचा एक काढा ना आता."

ते बराच वेळ कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले. "अजून हात बसला नाई रे. एकडाव पुन्हा चुकलो, तर तुही काकू कधीच बसनार नाई."

म्हणजे इतके दिवस तांब्या, मोपेड आणि मी, आम्ही तिघं काकूंच्या जागी बसत होतो.

पुढच्याच रविवारी मी त्यांच्या अंगणात खुर्चीवर बसलो होतो आणि काका धुरे पाहत होते. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"प्रशांत, उठ बाप्पा. मी बसते तिथं."

काकांनी दोनदा कॅमेरा डोळ्याला लावला, दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा फोटो निघाला.

काकूंनी कॅमेरा हातभर दूर धरून पाहिला. केसांपासून पायातल्या जोडव्यांपर्यंत त्या पुऱ्या आल्या होत्या. खूप वेळ त्या पाहतच राहिल्या. मग कॅमेरा परत देताना त्यांनी काकांच्या ओलसर झालेल्या चष्म्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

"पहिले चष्मा पुसा," त्या म्हणाल्या, "मंग आनखी एक काढा."