मामाच्या कोनाड्यातला उंदीर

"दाजीमामाच्या घरातली एकेक वस्तू मी डोळे मिटून ओळखीन!" असं सुनेला ठणकावून सांगून सीताबाई रोह्याला पेणच्या एसटीत चढल्या.

मामा गेल्यापासून ते घर बंदच होतं. आता मामाचा मुलगा रघू ते विकणार होता, आणि आतल्या जुन्या वस्तूंची पारख करायला त्याने मुंबईहून बेहेरेसाहेबांना आणलं होतं. सीताबाईंना किमतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता फक्त कोनाड्यातला उंदीर!

मामाचा गणपतीचा कारखाना. परकरातली सीता सुट्टीत वरसे गावाहून यायची आणि शाडूत कोपरापर्यंत बरबटायची. एका सुट्टीत तिने गणपतीच्या पायाशी ठेवायला स्वतः उंदीर केला. मामा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सीते, असा उंदीर अख्ख्या पेणमध्ये नाय! हा काय गिऱ्हाइकाला द्यायचा? हा आपल्याच घरात राहणार!" आणि त्याने तो कोनाड्यात ठेवला. पुढे सासरी कोणी कामाला नावं ठेवली, की सीताबाईंना तो कोनाडा आठवायचा आणि मान ताठ व्हायची.

घराचं दार करकरलं. आत जळमटं अशी, की जणू कोळ्यांनी मांडवच घातलेला!

"एकेक वस्तू डोळे मिटून ओळखीन मी! हा बघा मामीचा पानाचा डबा!" सीताबाईंनी सुरुवात केली.

बेहेरेसाहेबांनी भिंग लावलं. "बाई, हा उंदरांचा पिंजरा आहे."

"ताई, डोळे मिटून ओळखणार होतीस ना गो?" रघू हसला.

"मग? उघडे ठेवले तिथंच चुकलं!"

एवढ्यात साहेब कोनाड्यापाशी खांबासारखे उभे राहिले. "रघुनाथराव, कोणी हात लावू नका! हा वराह आहे! सातवाहनकालीन असावा!"

"उंदीर हाय तो," सीताबाई म्हणाल्या. "मी केलाय."

"तुम्ही? कधी?"

"परकर नेसत होते तेव्हा!"

साहेब रघूच्या कानाशी लागले, "बाईंना अधूनमधून असं होतं का?"

"मला ऐकू येतं हो!"

पण ऐकतो कोण? रघू ओटीवरून ओरडला, आणि घटकेत अर्धी आळी आत. शेजारच्या हौसाकाकूंनी तर वराहाला लांबूनच हात जोडले. "संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवतील!" साहेब म्हणाले. सीताबाईंनी रघूची बाही धरली. मामाने एवढ्या मायेने जपलेला उंदीर आता काचेआड जन्मभर डुक्कर म्हणून बसणार!

"रघू, मला या घरातलं दुसरं काय पण नको. तेवढा उंदीर दे रे."

"ताई, गप्प बस गो! इतिहास आहे तो!"

"आधी धूळ धुऊन घेऊ," साहेब म्हणाले. कोणीतरी लगबगीने पाण्याची बादली आणली. साहेबांनी वराह दोन्ही हातांत धरला आणि बादलीवर वाकले.

"नको!" सीताबाई अशा किंचाळल्या, की आढ्यावरची कबुतरं उडाली. "शाडू हाय तो! विसर्जन होईल माझ्या उंदराचं!"

कोणीतरी बादली झटकन मागे ओढली. ही पेणची माणसं! पाण्यात शाडूचं काय होतं, हे त्यांना का सांगायला हवं? हौसाकाकूंनी हळूच जोडलेले हात सोडले. साहेबांनी वराहाचं पोट नखाने खरवडलं. नखाला पांढरट भुकटी लागली. साहेबांचा चेहराही त्याच रंगाचा झाला.

"घेऊन जा, बाई. याची किंमत शून्य."

"शून्य?" सीताबाई उसळल्या. "आत्ता काचेच्या कपाटात बसवत होता ना? अहो, असा उंदीर अख्ख्या पेणमध्ये नाय!"

रघूने तो गुपचूप त्यांच्या पदरात घातला. एसटीत खड्डा आला, की सीताबाई आधी पदर सांभाळायच्या, मग कंबर.

घरी पोचल्यावर त्यांनी मोठ्या ऐटीत पदर उलगडला. सून सरू बघतच राहिली.

"अगोबाई! आई, डुक्कर कुठनं आणलंत?"

सीताबाईंनी उंदीर खिडकीशी नेला. उजेडात इकडून पाहिला, तिकडून पाहिला. आखूड कान, हे एवढं नाकाड, आणि शेपटीच्या जागी नुसती टिकली! मामाने तो गणपतीच्या पायाशी का बसवला नाही, ते त्यांना आज कुठे कळलं. आणि हसू न येऊ देता मामा तेव्हा किती वेळ बघत राहिला होता, तेही. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदराच्या टोकाने उंदराचं नाकाड अलगद पुसलं.

"डुक्कर काय म्हणतेस गो सरू?" त्या नाक ओढत म्हणाल्या. "वराह हाय तो! सातवाहनांच्या काळातला!"