मला तेलुगू येत नाही!

मुलीकडची माणसं नवऱ्या मुलाबद्दल खरोखर काय बोलतात, हे आजवर एकाही नवऱ्या मुलाला कळलेलं नाही. तोंडावर 'घर छान, मुलगा सोज्वळ', आणि टांगा कोपऱ्यावर वळला की काय बोलतात ते देव जाणे! पण मी, औरंगाबादच्या तहसील कचेरीतला कारकून बद्रीनाथ, ही रीत मोडणार होतो. माझ्याबद्दलचा शब्द न् शब्द मी माझ्याच बैठकीत, माझ्याच कानांनी, पान चघळत ऐकणार होतो. निजाम सरकारच्या अख्ख्या मुलखात असा डाव कुणी टाकला नसेल!

त्याचं असं झालं. स्थळ होतं हनमकोंड्याचं. घराणं मूळचं आपल्या पैठणचं, पण चार पिढ्यांपासून तिकडं तेलंगणात. मुलीचे वडील नरसिंगराव आणि त्यांची थोरली बहीण आमचं घर बघायला येणार होते. मध्यस्थी करत होते आमचे काकासाहेब. ते कुरकुरत म्हणाले, "बद्री, त्या लोकांची एक खोड हाय. आपल्याशी मराठी बोलतात, अन् मधूनच एकमेकांशी तेलुगू! आपलं जमतंय का फिसकटतंय, काय पत्ता लागत नाय."

मी बसल्या जागी उडालोच! नोकरीची पहिली तीन वर्षं मी करीमनगरला काढली होती. तिथली माझी घरमालकीण लच्चम्मा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बोलायची, आणि ऐकायला मी एकटा भाडेकरू! तिसऱ्या वर्षी मला स्वप्नंसुद्धा तेलुगूत पडायला लागली.

"काकासाहेब, मी करीमनगरला होतो हे त्यांना कळवलंत का?"

"अजून नाय."

"मग बीडला होतो असं कळवा!"

"अरे, लग्नाच्या कामात लबाडी?"

"लबाडी नव्हे काकासाहेब, बंदोबस्त!"

आणि बंदोबस्ताची गरज होती हो! कारण मुलगी मी आधीच बघितली होती. जालन्याच्या एका लग्नात ती पंगतीत वाढत होती. पानात दोन लाडू तसेच टाकून उठणाऱ्या एका पाहुण्याला तिनं सगळ्यांदेखत खाली बसवलं. "आधी पान स्वच्छ करा, मग उठा!" तो पाहुणा म्हणजे मी. दोन्ही लाडू खाल्ले, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लग्न करीन तर गोदावरीशीच, नाहीतर जन्मभर आईच्या हातची भाकरी खाईन, असं मी ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या गयासला मी हा बेत सांगितला. त्याचं हिमरूच्या कापडाचं दुकान. त्यानं त्याच्या निकाहातली हिमरूची शेरवानी मला घालायला दिली आणि बटणं लावता लावता बजावलं, "देखो बद्रीभाई, सुनना सब, मगर चेहरे पे कुछ आने नक्को देना!"

"चेहरा दगडाचा ठेवतो, दगडाचा!" मी म्हणालो.

ठरल्या दिवशी दुपारी पाहुणे आले. नरसिंगराव वकील होते, पण घरातलं हायकोर्ट म्हणजे आत्याबाई, हे त्यांना टांग्यातून उतरताना पाहूनच कळलं. त्यांनी आधी घराकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तसंच माझ्याकडं. गयास गंमत ऐकायला बाहेर ओट्यावर बसला. मी आत गादीवर शेरवानी आणि रुमी टोपी घालून, ठरवल्याप्रमाणं गंभीर आणि गप्प.

आईनं दौलताबादच्या पेरूच्या फोडी पुढं केल्या. "घ्या की, लाजू नका." आत्याबाईंनी एक फोड उचलली, माझ्याकडं बघून गोड हसल्या आणि भावाला तेलुगूत म्हणाल्या, "नरसिंगा, हा अजून एक अक्षर बोललेला नाही. मुका तर नसेल? निजामाबादच्या त्या मुलानं लंगडा पाय धोतरात कसा लपवला होता, आठवतंय ना?"

गोदावरीचा नवरा मुका? छे! मी खाकरलो आणि एकदम सुरू झालो. "औरंगाबादची हवा फार उत्तम! पाणी तर त्याहून उत्तम! परवाच आमचे साहेब म्हणाले..." साहेब काय म्हणाले ते मला सुचेना, म्हणून हवा आणि पाणी पुन्हा एकदा सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं.

"एवढा ओरडतो कशाला?" नरसिंगराव तेलुगूत पुटपुटले. "ऐकू कमी येत असेल, अक्का. बहिरी माणसं अशीच बोलतात."

आता आली का पंचाईत! मी झटकन कानामागं हात धरला. "ऐका! छावणीत बिगूल वाजतोय! माझे कान म्हणजे इतके तिखट, की इथं बसून मला छावणीतला बिगूल ऐकू येतो!"

सगळे कान देऊन बसले. अंगणात एक कावळा ओरडला, बाकी सामसूम.

"मला तर काय ऐकू येत नाय," काकासाहेब म्हणाले. त्यांना गप्प बसायला काय झालं होतं!

"वा! काय वाजवतोय!" मी म्हणालो आणि मांडीवर तालही धरला.

आत्याबाईंनी पेरूची फोड खाली ठेवली. "नरसिंगा, ह्याला नसलेले आवाज ऐकू येतात. पण असू दे, आधी अंगानं धड आहे का ते बघू. टोपी घरातसुद्धा काढत नाही. टक्कल असणार."

मी टोपी काढली. नुसती काढली नाही, तर पुढं सरकून डोकं आत्याबाईंच्या अगदी समोर नेलं आणि दोन्ही हातांनी केस विसकटले. "उकडतंय फार!"

"मार्गशीर्षात उकडतंय? बरा हायस ना रं बद्री?" आई म्हणाली. ती तर थंडीमुळं शाल पांघरून बसली होती.

"केस आहेत," आत्याबाई मान मागं घेत म्हणाल्या. "आता पाय. आल्यापासून जागचा उठलेला नाही."

हे वाक्य संपायच्या आत मी अंगणात होतो! तुळशीभोवती धावत तीन फेऱ्या मारल्या, ओट्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढलो आणि धापा टाकत आत येऊन म्हणालो, "रोजचा व्यायाम आहे! दोन्ही पाय सारखे!" पायांबद्दल मराठीत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अहो, लग्न मोडायला निघालं असताना भाषा कुठल्या ध्यानात राहतात!

"शेरवानी उसनी दिसते, अक्का," नरसिंगराव म्हणाले. "बाह्या बोटांपर्यंत आल्यात."

झालं! मी तिथल्या तिथं शेरवानी काढून बाजूला फेकली. आतली बंडी दोन ठिकाणी विरलेली होती. ती छातीवर ठोकून मी म्हणालो, "ही मात्र माझी स्वतःची! अगदी घरची!"

काकासाहेब छताकडं बघू लागले. मग आत्याबाईंनी भावाकडं वळून हळूच एकच शब्द उच्चारला. "पिच्चि!"

तेलुगूत पिच्चि म्हणजे वेड. मुका नाही हे बोलून दाखवता येतं, लंगडा नाही हे धावून दाखवता येतं, पण वेडा नाही हे माणसानं काय करून दाखवायचं? मी जे जे करीन ते वेडातच जमा होणार! शेवटी काहीच करायचं नाही असं ठरवलं आणि डोळे मिटून, श्वाससुद्धा बेताचा घेत स्वस्थ बसून राहिलो.

"बघ, झटका ओसरला," आत्याबाई कुजबुजल्या. "आता गुंगी येते."

"संध्याकाळची गाडी गाठू, अक्का. ह्या बाईंना वाईट वाटायला नको. पत्रानं कळवतो म्हणतो आणि निघू." मग नरसिंगराव आईकडं वळले आणि मराठीत तोंडभर हसून म्हणाले, "फार छान झालं! घर छान, मुलगा सोज्वळ. पत्रानं कळवतो हं!"

आईचा चेहरा असा उजळला! "बद्री, पसंत पडलास रं! थांबा, साखर आणते, तोंड गोड करून जा!" ती लगबगीनं आत निघाली, आणि मला मात्र रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. गोदावरी चालली. आईला कळायला अजून आठ दिवस लागणार होते, मला आत्ताच कळलं होतं. मी ताडकन उठलो.

"थांबा! मी मुका नाही, बहिरा नाही, आणि वेडा तर मुळीच नाही! तुम्ही बोलता ते सगळं मला समजतं!"

हे मी अस्सल करीमनगरी तेलुगूत ओरडलो होतो.

"हो गया बेडा गर्क!" ओट्यावरून गयासचा आवाज आला.

वकिलानं वेळ लावला नाही. "बीडला तेलुगू कोण शिकवतं हो?"

"बीड नव्हे... करीमनगर. तीन वर्षं."

"म्हणजे पत्र खोटं! वर आमचं बोलणं चोरून ऐकलं! ऊठ अक्का, एक क्षण थांबायचं नाही!"

"खोटं बोललो, चुकलं माझं!" मी हात जोडले. "पण ते गोदावरी हातची जाऊ नये म्हणून बोललो. नकार द्यायचा तर खुशाल द्या. फक्त मी वेडा आहे असं तिला सांगू नका हो!"

आत्याबाई उठल्याच नाहीत. पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या!

"म्हणजे मी मुका म्हटलं, म्हणून तू बोलायला लागलास?"

"हो."

"टक्कल म्हटलं म्हणून टोपी काढलीस?"

"हो."

"अन् पाय म्हटलं म्हणून धावलास?"

"तीन फेऱ्या."

"आणि तो बिगूल?"

"बिगूल नव्हता," मी कबूल केलं.

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि माझी काडीचीही पर्वा न करता भावाला तेलुगूतच सुनावलं, "खाली बस नरसिंगा! आपली पोर कशी आहे ते तू जाणतोस. शब्द खाली पडलेला तिला खपत नाही. आणि ह्याला तर शब्द सांगावासुद्धा लागत नाही! शेजारच्याशी बोललं तरी हा करून मोकळा होतो. असा जावई तुला हनमकोंड्यात दिवा घेऊन फिरलास तरी मिळेल का? आण म्हणावं साखर!"

मी ही बातमी मराठीत आईला सांगितली, उर्दूत गयासला सांगितली, आणि आनंदाच्या भरात तुळशीला आणखी दोन फेऱ्या मारल्या! पसंती नेमकी कशासाठी मिळाली, हे डोक्यात शिरायला मात्र आधी लग्न व्हावं लागलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. गोदावरीनं मला आजवर एकही काम सांगितलेलं नाही, खोटं कशाला बोलू! ती नुसती चुलीपाशी बसून भिंतीला तेलुगूत म्हणते, 'पाणी संपत आलंय वाटतं.' आत्ताच तिनं भिंतीला सरपणाबद्दल काहीतरी सांगितलंय, तेव्हा मला उठायला हवं. कुऱ्हाड कुठं ठेवलीय, तेवढं मात्र ती भिंतीलासुद्धा सांगत नाही.