शून्य बाइटचा जावई

मिरजेच्या शालन माळवदे यांनी आपल्या मुलीसाठी कॉम्प्युटरवरची एक रिकामी फाइल जावई म्हणून पसंत केली.

मुलगी मेघना, वय बत्तीस, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक स्थळात काही ना काही निघालं होतं. एकाला नोकरी होती पण केस नव्हते, एकाला केस होते पण आई होती. एकाने तर पोहे खाता खाता, "तुम्ही दिवसभर मातीच चाळता का?" असं विचारलं आणि मेघना म्हणाली, "हो, पण त्यातून काहीतरी निघतं तरी." ते स्थळ तिथेच संपलं. शालनताईंनी या सगळ्यातून एक सरळ निष्कर्ष काढला. माणसात काही असलं की ते खटकतं. तेव्हा ज्याच्यात काहीच नाही असा मुलगा बघावा.

अशी मुलं लचके यांच्या वधूवर सूचक केंद्रात मिळत. लचके पूर्वी माणसांची स्थळं सुचवत. नंतर त्यांनी तो त्रास सोडला. शालनताई, त्यांचे यजमान अरविंदराव आणि शालनताईंचे भाऊ दिलीपमामा असे तिघं केंद्रात गेले, तेव्हा लचक्यांनी कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून ठेवली होती.

"मुलगा तुमच्यासमोरच करून देतो," लचके म्हणाले. "आधी केलेला, कुणाला दाखवून परत आलेला, असा माल आम्ही ठेवत नाही."

त्यांनी त्या खिडकीत 'टाइप' लिहिलं, मग 'नल', मग शाळेत लहानमोठी संख्या दाखवायला वापरतात ते टोकदार चिन्ह काढलं आणि शेवटी मुलाचं नाव लिहिलं, निरंजन. एन्टर दाबल्यावर काहीच झालं नाही. मुलगा तयार झाला होता.

"नल म्हणजे?" शालनताईंनी विचारलं.

"घराणं समजा. तिथून काहीच येत नाही."

"आडनाव?"

"टीएक्सटी."

शालनताईंनी आवाज जरा खाली आणला. "आपल्यातले आहेत का?"

"मूळचे विंडोजकडचे," लचके म्हणाले. "पण आता सगळीकडे पसरलेत."

दिलीपमामांचा फसवणुकीचा अभ्यास होता, म्हणजे त्यांची फसवणूक बरेचदा झाली होती. ते म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतल्या केंद्रातही रिकामी मुलं मिळतात. तुमच्यात विशेष काय?"

लचक्यांना हा प्रश्न रोजचा असावा. "ते लोक 'इको' लिहून पुढे ठिपका देतात. दिसायला मुलगा रिकामाच दिसतो. पण वजन केलंत तर दोन बाइट भरतो. आत एक कोरी ओळ असते. लग्नानंतर त्या कोऱ्या ओळीत काय काय येऊन बसेल, याची हमी कोण देणार? आमचा बघा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे शून्य होतं. शालनताईंनी ते शून्य चष्मा लावून पाहिलं आणि काढून पाहिलं. मग त्या भावाला म्हणाल्या, "चेहऱ्यावर किती समाधान आहे."

अडचण एकच निघाली. मुलगा जन्मून पाचच मिनिटं झाली होती आणि कायद्याला मोठा नवरदेव लागतो. लचक्यांनी कॉम्प्युटरचं घड्याळ पस्तीस वर्षं मागे नेलं आणि मुलगा पुन्हा केला. याचा फायदा असा झाला की जन्मवेळ सेकंदापर्यंत मिळाली. पत्रिका पाहणारे गुरुजी म्हणाले की, इतकी चोख वेळ आजवर एकाही मुलाच्या बापाने आणलेली नाही. गुण उत्तम जुळले. न जुळायला दुसऱ्या बाजूला काही नव्हतंच.

मेघनाला हे सांगितलं तेव्हा तिने पत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली. "आई, तो कुणीच नाहीये," ती म्हणाली.

"आधीचे सगळे कुणीतरी होते. काय उपयोग झाला?"

मेघनाने आधीचे सगळे आठवून पाहिले. तिने मुलगा बघायचं कबूल केलं. रविवारी लचके लॅपटॉप घेऊन घरी आले. पोहे झाले, चहा झाला. मेघनाच्या आत्याने रिवाजाप्रमाणे, "दोघांना जरा बोलू द्या," म्हटलं आणि मेघना लॅपटॉप घेऊन गच्चीत गेली. ती अर्ध्या तासाने खाली आली.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

"शांत आहे हो मुलगा," आत्या शालनताईंना म्हणाली.

गच्चीत मेघनाने काय केलं ते तिने फक्त वडिलांना सांगितलं. ती प्रयोगशाळेबद्दल बोलत बसली होती. जत भागातल्या मातीत चुना जास्त असतो आणि तिथला शेतकरी उगाच खत ओतत राहतो, हे तिने आजवर कुणाही मुलाला सांगायला घेतलं की त्याला फोन यायचा. या वेळी कुणाला फोन आला नाही. "बाबा, मला आवडला असं नाही," ती म्हणाली. "पण मी दमलेय. आणि त्याने मला जाडी का झालीस असं विचारलं नाही."

अरविंदरावांनी मान हलवली. ते एसटीत हिशेबनीस होते आणि मान हलवण्यापलीकडे घरात त्यांना काही करू दिलं जात नसे.

लग्न चांगलं झालं. लॅपटॉपला मुंडावळ्या बांधल्या होत्या. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. हार घालताना नवरदेवाला उचलून उंच करण्याची मामांची हौस होती, तीही त्यांनी भागवून घेतली. मुलाकडून लचके आणि त्यांची बायको असे दोघंच होते. त्यांनी मानपान पूर्ण घेतला. निघताना लचक्यांनी मेघनाला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढे कधी त्यांच्यात काही लिहावंसं वाटलं तर टोकदार चिन्ह दोनदा द्यायचं. म्हणजे शेवटी भर पडते. एकदाच दिलंत तर आधीचं सगळं जातं, माणूस पुन्हा कोरा."

"मला काही लिहायचं नाहीये," मेघना म्हणाली.

घरजावई म्हटलं तर लोक हसतील म्हणून मेघनाने प्रयोगशाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिले काही महिने तिचे बरे गेले. ती संध्याकाळी घरी यायची, लॅपटॉप उघडायची, दिवसभरातलं सांगायची. निरंजन ऐकायचा किंवा ऐकायचा नाही. शेजारची बाई तिला म्हणाली, "तुमच्या घरातून कधी आवाज येत नाही. माझ्या नवऱ्याला पाठवू का शिकायला?" मेघना हसली. लग्नानंतर तिची तब्येत सुधारली असं सगळेच म्हणत होते आणि त्याचं श्रेय जावयाला देत होते.

बिघडलं ते दिवाळसणाला. जावई सासुरवाडीला आला, पाटावर बसला, आणि शालनताईंनी विचारलं की जावईबापूंना गोड काय आवडतं. मेघना म्हणाली, "काहीच नाही."

हे दिलीपमामांना फार लागलं. "जावई आहे की कोण? आवड नको? लोक काय म्हणतील, जावयाला काही चवच नाही?" त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, काळी खिडकी उघडली, लग्नात लचक्यांचं बोलणं ऐकलं होतं तशी दोन टोकदार चिन्हं दिली आणि निरंजनमध्ये लिहिलं: श्रीखंड आवडतं. मग श्रीखंड आणलं गेलं. ते जावयाच्या वतीने मामांनी खाल्लं.

एकदा वाट पडल्यावर ती वाहती झाली. मेघना दर रविवारी जावयाला घेऊन माहेरी येई. आत्याने लिहिलं, वांगं चालत नाही. आत्याला वांग्याने खाज सुटायची. शालनताईंनी लिहिलं, सासूबद्दल फार आदर आहे. मामांनी पुन्हा येऊन लिहिलं, राजकारणातलं कळतं. गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांचा या घराशी संबंध फक्त पेपर मागण्यापुरता होता, त्यांनी पेपर परत करायला आले असताना लिहिलं, आजकालच्या मुलींना शिस्त नाही. जो येईल तो दोन ओळी टाकून जाई. आपापल्या घरात ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्या सगळ्यांना निरंजन फार सोयीचा पडला. त्याचं वजन वाढत होतं आणि शालनताई ते प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने दाखवत. "आला तेव्हा शून्य होता. आमच्याकडे मानवलं त्याला."

मेघना म्हणाली, "आई, हे तो म्हणत नाहीये. तुम्ही लिहिताय."

"मग तू लिहायचं होतंस आधी. रिकामं ठेवलंस, म्हणून आम्हाला करावं लागलं."

उन्हाळ्यात मेघनाला बढती मिळाली. जतला नवी प्रयोगशाळा निघत होती आणि तिची प्रमुख म्हणून मेघनाचं नाव आलं. तिने ही बातमी आधी निरंजनला सांगितली, सवयीने. नंतर ती पेढे आणि लॅपटॉप घेऊन माहेरी आली. मामा आणि आत्या तिथे होतेच.

पेढा कुणी तोंडात टाकला नाही.

"जावईबापूंना विचारलंस?" शालनताई म्हणाल्या.

"सांगितलं."

"विचारलंस का?"

मामांनी लॅपटॉप मागून घेतला. फाइल उघडली आणि चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. श्रीखंड आलं, वांगं आलं, सासूबद्दलचा आदर आला. बरंच खाली गेल्यावर मामा थांबले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "बायकोने बदलीच्या भानगडीत पडू नये. घराकडे कोण बघणार?"

त्यांनी लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा फिरवला. मग आत्या म्हणाली, "आता नवऱ्याचीच इच्छा नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला."

"मामा, हे वाक्य तुमचं आहे," मेघना म्हणाली. "माझ्या मामीला तुम्ही हेच म्हणाला होतात. भानगड हा शब्दसुद्धा तोच."

मामा रागावले नाहीत. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "मी कशाला लिहीन? जावयाच्या संसारात मी लुडबुड करत नाही."

"मग कुणी लिहिलं?"

"लिहिलं कुणी का असेना," शालनताई म्हणाल्या. "आता ते त्याच्यात आहे. म्हणजे त्याचं झालं. प्रत्येक पुरुषाचं असंच असतं, मेघना. कुणीतरी लिहिलेलंच असतं. तुझ्या बाबांमध्ये तुझ्या आजीने किती लिहून ठेवलं होतं ते मी वाचलंय."

अरविंदराव खिडकीशी बसले होते. ते उठून स्वयंपाकघरात गेले, आणि थोड्या वेळाने मेघनाही पाणी प्यायला म्हणून गेली. ते हळू आवाजात म्हणाले, "एकच चिन्ह दे ना. एकदाच. सगळं जाईल."

"गेलं तर उद्या परत लिहितील, बाबा."

"मग?"

"मग मी जाते."

अरविंदरावांनी पुन्हा मान हलवली. पण या वेळी त्यांनी माळ्यावरची बॅगही खाली काढली, आणि ती मेघनाची नव्हती. स्वयंपाक त्यांना येत होता, नोकरीत असताना परगावच्या डेपोत ते स्वतःच करून खात. शालनताईंना त्यांनी इतकंच सांगितलं, "जावयाकडे लक्ष दे. मी मुलीकडे बघतो." चाळीस वर्षांत त्यांनी सलग म्हटलेली ही सर्वांत मोठी गोष्ट होती.

घटस्फोट सामोपचाराने झाला. कोर्टाने नवऱ्याचं म्हणणं मागवलं. वकिलांनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचून दाखवली. घटस्फोटाबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची हरकत नाही असं धरण्यात आलं. श्रीखंडाच्या ओळीपाशी न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि पुढे वाचायला सांगितलं.

निरंजनला लचक्यांनी परत नेलं. केंद्राच्या बाहेर बोर्डावर त्याची माहिती लागली. दुसरेपणाचा असूनही त्याला पहिल्यापेक्षा जास्त मागणी आली. कोरी मुलं आता कुणालाही मिळत होती. निरंजन भरलेला होता, आवडीनिवडी ठरलेल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे मुलींच्या शिस्तीबद्दल त्याची स्वतःची मतं होती.

जतच्या प्रयोगशाळेत मेघना एका शेतकऱ्याला समजावत होती की, त्याच्या रानात चुनखडी आहे, अजून खत टाकून भागणार नाही, तेव्हा तिला कराडहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी आपलं नाव उज्ज्वला खांडके असं सांगितलं. मुलीसाठी निरंजनचं स्थळ बघत होत्या. आधीच्या घरून चौकशी केलेली बरी, असं त्यांना वाटलं.

"स्वभावाने कसा आहे हो?"

मेघनाने शेतकऱ्याला खूण करून बाकावर बसायला सांगितलं. "तो मला स्वतःहून कधी एक वाईट शब्द बोलला नाही," ती म्हणाली.

"मग तुम्ही सोडलंत कशाला?"

"बाकीचे फार बोलायला लागले. त्याच्यातून."

"पण मतं ठाम आहेत ना त्याची?"

"ठाम आहेत. हलत नाहीत."

"झालं तर," खांडके बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोकळा झाला. "आम्हाला तसाच हवा होता."

"मुलीला विचारलंत?"

खांडके बाईंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. प्रश्न कठीण नसावा, पण आजवर कुणी तो विचारला नसावा. "तिला काय विचारायचं?" खांडके बाई म्हणाल्या. "सगळं त्याच्यात लिहिलेलंच आहे."

मेघनाने फोन ठेवला आणि शेतकऱ्याच्या पिशवीतली माती परत कागदावर पसरली.

लग्न मार्गशीर्षात झालं. शालनताईंना आमंत्रण होतं आणि त्या नवी साडी नेसून गेल्या. मुंडावळ्या बांधलेल्या लॅपटॉपवरून त्यांनी हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईने विचारलं की, तुम्ही मुलाच्या कोण?

"तसं नातं काही नाही," शालनताई म्हणाल्या. "पण तो वाढला आमच्याच घरात."